मोठ्यानं विचार करायची फेरी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. शिवलीला हिस, दाक्षाआत्याचा आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही आणि कोणाचं लग्नही ठरलेलं नाही. लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की आपल्या घरात फोनवर बोललेलं वाक्य आधी तुझा बाप, आमचा अण्णा, ऐकतो आणि मग अख्खी नवी पेठ. पत्र मात्र इथे कोणी उघडत नाही. अण्णा समजतो, विम्याचं असेल.

आता मुद्दा. तुझ्या त्या अगडबंब कंपनीकडून मला मेल आली आहे. सीनियर सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या जागेसाठी मुलाखत द्याल का, असं विचारलं आहे. कोणीतरी माझं नाव सुचवलं म्हणे. न विचारता दुसऱ्याचं नाव पुढे करणारी माणसं आपल्या घरात दोनच. त्यातली मी नाही.

मी चोपन्न वर्षांची आहे हे तू कंपनीला सांगितलंस का? सव्वीस वर्षं मी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांची आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअरं लिहिली. मार्चमध्ये मालक आबासाहेबांनी कंपनी विकली आणि आम्हा सगळ्यांना स्टेजवर बोलावून एकेक नारळ आणि एकेक चादर दिली. सोलापूरच्या माणसाला चादर! घरात आधीच एवढ्या आहेत, की कपाट उघडलं की अंगावर येतात.

तेव्हापासून अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, दाक्षी रिकामीच हाय की. त्यावरून पुढचं सगळं ठरलंही आहे. जानेवारीत तुझं बाळ येणार, उन्हाळा संपला की तू कामावर जाणार आणि मी हैदराबादला येऊन बाळ सांभाळणार. वहिनीचे दोन्ही गुडघे गेलेले, जावयाची, सोमेशची, आई केम गावची शेती सोडून येणार नाही, म्हणून मी. मला कोणी विचारलेलं नाही. अण्णानं माझी बॅगसुद्धा माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे. स्वतः वीज मंडळातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. रोज सकाळी नवी पेठेत जाऊन सगळ्या वस्तूंचे भाव विचारून येतो, घेत काही नाही. पण रिकामी मी.

तर स्पष्ट लिही. मला नोकरी मिळाली तर तुझं बाळ कोण बघणार? तू मला नोकरी सुचवतेस आणि तुझी आया घालवतेस, हे तुझ्या लक्षात आलं आहे ना?

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, फार उधळू नये एवढंच.

तुझी
आत्या


हैदराबाद,
१३ सप्टेंबर २०२५

ती. दाक्षाआत्यास, शिवलीलाचा शि. सा. न. वि. वि.

हो, नाव मीच दिलं. वयाची चौकट अर्जात नव्हती, म्हणून खोटं बोलायची वेळ आली नाही.

आणि हो, लक्षात आलं आहे. मी गणितात नापास झाले तेव्हा सगळे म्हणाले होते की आता हिला शिवणाच्या क्लासला घाला. तू मला मागच्या खोलीत कोंडून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रोग्रॅम लिहायला लावलंस. पहिल्या प्रोग्रॅमला तू दिलेला शेरा मला अजून पाठ आहे: चालतो, पण का चालतो हे लेखिकेला माहीत नाही. अशा बाईच्या मांडीवर बाळ ठेवून मी ऑफिसच्या मीटिंगला बसू? तू दाराआडून माझ्या चुका ऐकणार आणि जेवताना त्या वाचून दाखवणार. मला झेपणार नाही.

बाळाचं बघू. सोमेश पाळणाघरं शोधतो आहे. नाहीच काही जमलं तर मी वर्षभर बिनपगारी रजा घेईन. ती माझी अडचण, तू त्यात पडू नकोस.

आता सूचना. फेऱ्या पाच-सहा असतात, सगळ्या संगणकावर, घरूनच. समोरची माणसं माझ्याहून लहान असतील. त्यांना बाळ म्हणू नकोस. त्यांचं इंग्रजी दुरुस्त करू नकोस. मधूनमधून हस. हसता येत नसेल तर निदान भुवया खाली ठेव.

घरी काय सांगायचं? माडीवरच्या खोलीचं दार लावून घे आणि सांग की बसवेश्वरांच्या कानडी वचनांचा ऑनलाइन वर्ग लावला आहे. अण्णा दारात चप्पलसुद्धा वाजवणार नाहीत.

माया राहू दे, शेरे थोडे कमी कर.

तुझी
शिवलीला


सोलापूर,
२८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. शिवलीलास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पहिली फेरी झाली आणि बहुतेक शेवटचीही तीच.

एक मुलगा होता. केस सगळे उभे, पाठीमागे भिंतीवर गिटार टांगलेली. त्यानं गणित घातलं. कठीण नव्हतं. मी नेहमीप्रमाणे आधी कागदावर मांडलं आणि मग संगणकावर लिहायला घेतलं. तोच त्यानं विचारलं की आपण काय विचार करता आहात. मी सांगितलं, लिहून झालं की कळेल. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा तेच. माझ्या परीक्षेच्या काळात मागच्या बाकावरून असं कुजबुजणारी मुलं असत आणि त्यांना पर्यवेक्षक बाहेर काढत. इथे पर्यवेक्षकच कुजबुजत होता. शेवटी मी त्याला सांगितलं, की वेळ संपेपर्यंत शांत बस, मलाही काम करू दे आणि तूही पाठ सरळ कर.

त्यानं पाठ सरळ केली. उत्तर माझं बरोबर आलं, मी तीनदा तपासलं. तरी तो मुलगा स्वतःच नापास झाल्यासारखा चेहरा करून गेला.

काल त्यांच्या भरतीवाल्या बाईंचा फोन आला. गोड बोलत होत्या, म्हणजे बातमी वाईट. म्हणाल्या, उत्तर अचूक आहे, पण आपले विचार आम्हाला दिसले नाहीत. पुन्हा एक संधी देतो. शिवलीला, विचार दिसायचे म्हणजे काय? मी ते डोक्यात करते. आतापर्यंत कोणी तक्रार केली नव्हती.

वचनांच्या वर्गावर अण्णा खूश आहे. वहिनीनं वर ऊद लावून ठेवला होता. मुलाखतभर मी खोकत होते.

बाळ लाथा मारतं का? मारू दे. घराण्याला धरून आहे.

आशीर्वाद धरून राहा.

तुझी
आत्या


हैदराबाद,
३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तू मुलाखत घेणाऱ्याला पाठ सरळ करायला लावलीस, हे मी सोमेशला वाचून दाखवलं. तो अजून सरळ बसला आहे.

चूक माझी. हे मी तुला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. ही परीक्षा नाही, आत्या. इथे मोठ्यानं विचार करायचा असतो. हा मार्ग घेऊन बघते, इथे अडेल, का अडेल, मग तो दुसरा बरा, असं सगळं तोंडानं बोलत लिहायचं. उत्तर चुकलं तरी चालतं. माणूस अडला की काय करतो, हे त्यांना बघायचं असतं. सोबत काम करायचं तर एवढं कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं आणि ते मला पटतं. आपल्याकडे लिहिताना बोलणाऱ्याला कॉपीबहाद्दर किंवा वेडा समजतात, ते त्या गिटारवाल्या मुलाला कसं कळणार?

सवय कर. स्वयंपाक करताना कर. कांदा का आधी, लसूण का नंतर, सगळं बोल.

पाळणाघरवाल्यांनी परवा आमची दोघांची मुलाखत घेतली. आमची मूल्यं काय आहेत असं विचारलं. सोमेश म्हणाला, भाजी ताजी लागते. बाळ वर्षाचं झालं की मग या, असं त्यांनी सांगितलं. तू मनावर घेऊ नकोस. तू कांद्याकडे लक्ष दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
शिवलीला


सोलापूर,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शिवलीलास, दिवाळीचे आशीर्वाद. वि. वि.

सवय केली. परिणाम कळव म्हणशील, तर घरात माझी दृष्ट काढून झाली आहे.

शेंगाची चटणी कुटताना मी सुरुवात केली. शेंगदाणे भाजले आहेत, पण गार झालेत का, नाही, मग आत्ता कुटले तर तेल सुटेल, तिखट आधी घालावं की लसूण, लसूण आधी घातला तर बत्ता घसरेल. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. काही न बोलता गेली आणि मीठ-मोहऱ्या, मिरच्या घेऊन आली. माझ्यावरून उतरवून विस्तवात टाकल्या. मी तेव्हाही बोलतच होते, की मिरच्यांचा ठसका आला नाही याचा अर्थ मिरच्या जुन्या आहेत. वहिनीला वाटलं, दृष्ट फार कडक आहे.

अण्णानं शेजारच्या रेश्माला बोलावलं. ती नर्सिंग झालेली आहे. तिनं माझी नाडी बघितली, डोळे बघितले आणि अण्णाला सांगितलं, आत्यांना काही झालेलं नाही, त्या आता ऐकू येईल असा विचार करायला लागल्यात इतकंच. अण्णा म्हणाला, हे तर लई वाईट झालं.

एक भानगड मात्र खरी आहे. तोंडानं विचार करायला लागले तर तो कानडीत येतो. मराठीत मी लिहिते, कामावर इंग्रजी बोलते, पण पाढे माझ्या अक्कलकोटच्या आजीनं मला कानडीत शिकवले, त्यामुळे अडलं की आतून अक्कलकोट बाहेर येतं. इंग्रजीत विचार करायला बसले की विचारच थांबतो. तरी रेटलं. दुसऱ्या संधीची फेरी बऱ्यापैकी झाली. त्यानंतरच्या दोन्हीही झाल्या. आता शेवटची उरली आहे.

पाळणाघराचं तू एका ओळीत उरकलंस ते मी वाचलं. एका ओळीत उरकलेलं मी नेहमीच दोनदा वाचते. तू वर्षभर रजेवर बसणार आणि तुझ्या जागेवर कोणी दुसरा बसणार, हे मला कळतं. मी पास झाले तर तुझं नुकसान आणि नापास झाले तर माझं. पण अर्धवट परीक्षा देणं मला येत नाही. देईन ती पूर्ण देईन.

फराळ सोमेशच्या मित्राबरोबर पाठवला आहे. चटणीचा डबा वेगळा आहे. तो विचारपूर्वक केलेला आहे.

जीव लावून आहे, एवढं धरून चाल.

तुझी
आत्या


सोलापूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शिवलीलास, आशीर्वाद. वि. वि.

नोकरी गेली. मिळायच्या आधीच गेली. सविस्तर लिहिते, म्हणजे तुला पुन्हा विचारायला नको.

शेवटच्या फेरीला एक मुलगी होती. तिशीची, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. मला बघताक्षणी आवडली. तिनं प्रश्न टाकला: एकाच क्षणी लाखो माणसं एकच वस्तू विकत घ्यायला आली, तर नसलेली वस्तू कोणालाही विकली जाणार नाही अशी व्यवस्था मांडा. मी इंग्रजीत सुरुवात केली. चांगलं चाललं होतं. मग मी अडले. वस्तू किती आहेत हे तिनं सांगितलेलंच नव्हतं. एका गोदामात आहेत की दहा, तेही नाही. उशीर झाला तर चालेल की चूक झाली तर चालेल, तेही नाही. गाळप हंगामात आमच्या वजनकाट्यावर रात्रंदिवस गाड्यांची रांग लागायची, तिथे हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही एक ओळ लिहीत नव्हतो.

आणि मी मोठ्यानं विचार केला. अडले होते, म्हणून कानडीत. मी म्हणाले, प्रश्न अर्धाच आहे, उरलेला अर्धा ही पोरगी पोटात ठेवून बसली आहे, बहुतेक सकाळपासून उपाशी असावी, आईनं हिला असं कसं कामाला पाठवलं.

 ती कलबुर्गीच्या स्वच्छ कानडीत म्हणाली, की आपलं जेवण झालेलं आहे, आईनंच वाढलं, आणि उरलेला अर्धा प्रश्न मी मागितला तर ती पोटातून काढून देईल.

मी मागितला. तिनं दिला. पुढचं सगळं आम्ही दोघींनी कानडीत केलं. शेवटी तिनं नमस्कार केला आणि चेहऱ्यावरची माशी तरीही हलली नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईची आई काढून नोकरी मिळाल्याचं मी कुठे ऐकलेलं नाही.

दार उघडलं तर बाहेर वहिनी, अण्णा आणि शेजारच्या दोन बायका हात जोडून बसलेल्या. कानडी ऐकून त्यांना वाटलं, वचनं रंगात आली आहेत. एकीनं माझ्या पाया पडून घेतलं.

तेव्हा ठरल्याप्रमाणे उन्हाळ्यानंतर मी येते. बॅग पुसलेली आहेच. तू रजा घेऊ नकोस. तुझ्या मीटिंगमधल्या चुका मी ऐकीन, पण रविवारीच वाचून दाखवीन, इतकी सवलत देते.

मन खट्टू करू नकोस. मी केलेलं नाही. थोडंसं केलं आहे, ते उतरेल.

तुझी
आत्या


सोलापूर,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. शिवलीला हिला अण्णाचा आशीर्वाद. वि. वि.

मी कदी पत्र लिवत न्हाय हे तुला ठावं हाय. पण आमच्या घरात आता फोनवर भरवसा ऱ्हायला न्हाय. तुमी दोघींनी तीन महिनं पत्रं पाठवली आन मी ती विम्याची म्हणून टेबलावर ठेवली. लई हुशार हायसा.

शनवारी दाक्षीनं जेवताना सांगितलं की तिला नोकरी लागली. तुज्याच कंपनीत, सीनियर म्हणून, जानेवारीपासून हैदराबादला. मी विचारलं, आन वचनाचा वर्ग? ती म्हणली, त्यो हाच. तुजी आई हसून हसून गुडघं धरून बसली. तिला आदीपासून म्हाईत हुतं वाटतं.

मला राग आला. मी म्हणालो, मग लेकरू कोन बगणार? घरात रिकामं मानूस एकच हुतं, ते बी चाललं.  दाक्षी मला म्हणली, अण्णा, तू सकाळी उठल्यापास्नं काय काय करतोस ते जरा मोठ्यानं बोल. माज्यासारखं.

मी सुरू केलं. म्हटलं, उठतो, च्या पितो, पेपर वाचतो, दुसरा च्या पितो, नव्या पेठंत जातो, तितं भाव विचारतो. तिनं विचारलं, कशाचा भाव, कशापायी? मी म्हणालो, असाच. मग घरला येतो, जेवतो, पडतो, उठतो, च्या पितो. हितं आल्यावर माजा आवाज मलाच आयकू याया लागला. पोरी, सांजच्याला पोचायच्या आदीच बोलायचं संपलं की.

तर आता मला ती जागा पायजे. लेकराची. दाक्षी म्हणती, वशिला चालायचा न्हाय, फेऱ्या द्याव्या लागतील. डिसेंबरच्या पयल्या शनवारी घेती म्हणली. तिचं तुला म्हाईतच हाय. तू जरा माज्याबद्दल चांगला शब्द टाक.

तुजी आई बी संगं येईल, खुर्चीत बसून हुकूम सोडायला. तब्येतीला जप. बापाला इसरू नको.

तुजा
अण्णा


हैदराबाद,
२८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन फोनवर ओरडून झालं आहे, शेजाऱ्यांनी दार वाजवलं तेव्हा थांबले. हे पत्र फक्त अधिकृत कामासाठी.

अण्णांनी वशिला मागितला आहे. उमेदवार माझे वडील असल्यामुळे मी निवड समितीतून बाहेर राहते. पण एक माहिती देणं भाग आहे. मला आठवतं तेव्हापासून अण्णांनी मला कधी उचलून घेतलेलं नाही. मांडीवरसुद्धा नाही. सायकल शिकवली, ती मागे पळत, हात न लावता. म्हणजे उमेदवाराला अनुभव शून्य. कठोर राहा. बाळाचा प्रश्न आहे.

तरी निवड झाली तर मला बरं वाटेल, हे समितीला कळवू नकोस.

तुझी होणारी सहकारी, आणि आधीपासूनची भाची,
शिवलीला


सोलापूर,
७ डिसेंबर २०२५

चि. सौ. शिवलीलास, सर्व समितीचे आशीर्वाद. वि. वि.

आधी ती कलबुर्गीची मुलगी. परवा तिचा फोन आला, आम्ही दोघी कामावर एकाच तुकडीत असणार आहोत हे सांगायला. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, तो प्रश्न ती मुद्दाम अर्धाच विचारते, आणि बहुतेक उमेदवार हसून लगेच लिहायला लागतात. उरलेला अर्धा मागणारे थोडे, आणि रागावून मागणारी मी पहिलीच. आईची चौकशी केली म्हणून तिच्या आईनं मला जेवायला बोलावलं आहे.

आता अण्णाची मुलाखत. रेश्मानं तिचं सहा महिन्यांचं बाळ सकाळपुरतं दिलं होतं. ती बाजूला बसून होती, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं, उमेदवाराला सोडून.

पहिली फेरी लंगोट. मोठ्यानं विचार करत बदलायचा. अण्णानं सुरुवातीला बाळाला विजेच्या खांबावरच्या भाषेत समजावलं, की आधी लाइन बंद करावी. लाइन बंद झालेली नव्हती. भिजलेला सदरा बदलून आला आणि पुन्हा बसला. याचे गुण दिले. दुसरी फेरी स्वभावाची. वरिष्ठांशी मतभेद झाला असता काय केलंत, असं मी विचारलं. त्यानं वहिनीकडे बघितलं आणि म्हणाला, हे तिच्यासमोर सांगायचं का? वहिनीनं खुर्चीतून सांगितलं, उत्तर मिळालं, पुढची फेरी घ्या.

तिसऱ्या फेरीत बाळ रडायला लागलं. रेश्मा उठत होती, मी तिला थांबवलं. अण्णानं ते उचललं. शिवलीला, मी बघत होते. नवशिक्या माणसाचा हात आधी पाठीशी जातो. त्याचा सरळ मानेखाली गेला. बाळ खांद्यावर घेतलं, डाव्या, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायला लागला. बाळ गप्प. मी म्हटलं, विचार मोठ्यानं कर.

तो म्हणाला, डाव्या खांद्यावरच घ्यावं लागतं, उजवा हात दाराची कडी लावायला मोकळा पायजे. मी विचारलं, कडी कशाला? त्याचं लक्ष बाळाकडेच होतं, त्यामुळे तो बोलत गेला. म्हणाला, आपले वडील अप्पा मंद्रूपच्या बाजाराला गेले की शिवलीला उठायची. अप्पांसमोर आपलं लेकरू कसं उचलणार, आपल्यात तशी रीत नव्हती, बायकोसमोरसुद्धा लाज वाटायची. मग ते गेले की कडी लावायची आणि हिला घेऊन हिंडायचं, ते परत यायच्या आत पाळण्यात ठेवायचं. तोवर झोपलेली असायची, तिला कुठलं कळायला. तुला चालता यायला लागलं तोवर अप्पा थकून घरीच बसू लागले आणि बाजार बंद झाला.

मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही सगळ्या त्याच्याकडेच बघतो आहोत. तो ओशाळला आणि म्हणाला, हे लिहून घेऊ नको.

मी घेतलं नाही. वहिनी म्हणाली, कडीचा आवाज तिला न्हाणीपर्यंत ऐकू यायचा. तिनं कधी दार वाजवलं नाही.

तर समितीचा निर्णय. उमेदवारानं अर्जात अनुभव लपवला. हा गंभीर दोष आहे. तो दर तासाला निकाल विचारतो आहे आणि मी त्याला तेच सांगते जे मला सांगितलं होतं, की कळवू. खरं तर निकाल कालच लागला. मी बॅगमधले माझे कपडे काढून कपाटात लावले आणि त्याचे सदरे भरले. मला नवी बॅग लागेल, ती मी माझी घेईन. निकाल तू फोनवर सांग. सावकाश सांग आणि स्पीकर लाव, नवी पेठेलाही कळू दे.

बाळाला सांग, आजोबांच्या हातात असताना दाराला कडी लावायची गरज नाही.

लोभ आहे. यापुढे ऑफिसमध्ये तो दिसणार नाही, घरी विचारून घे.

तुझी
दाक्षाआत्या